क्रम बरोबर, पैसेवारी चूक

“आकडे ‘नॉर्मल’ नाहीत ना? मग पिअरसन सोडा, स्पिअरमन लावा. त्याला काही अटी नसतात.” प्रबंधाच्या मार्गदर्शकापासून पैसे घेऊन आकडेमोड करून देणाऱ्या दुकानदारापर्यंत हा सल्ला आज कुणीही देतो आणि घेणारा निर्धास्त होतो. माझ्या मते हा सल्ला अर्धा चुकीचा आहे आणि उरलेला अर्धा उथळ. स्पिअरमनसाठी आकड्यांऐवजी त्यांचा क्रम लावला की अटी संपतात, असे होत नाही. एक प्रश्न बाजूला पडतो, दुसरा त्याची जागा घेतो आणि येताना स्वतःच्या अटी घेऊन येतो. यांतला कोणता प्रश्न विचारायचा, हे आकड्यांचा आलेख घंटेसारखा दिसतो की नाही यावरून ठरत नाही. त्या आकड्यांवर पुढे कोणता निर्णय घ्यायचा आहे, यावरून ते ठरते.

हे हवेत बोलायला नको. जळगाव जिल्ह्यातला भडगाव तालुका समोर ठेवू. गिरणेच्या काठाला आणि पाटाच्या पाण्यावर बागायत, बाकी कोरडवाहू कापूस. राज्यातल्या इतर तालुक्यांप्रमाणे इथेही गावागावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा आकडा, निघते. पुढचे गावनिहाय आकडे समजुतीसाठी मी रचलेले आहेत; पद्धत आणि तिच्यातले अडथळे मात्र खरे आहेत.

१. क्रम लावताना काय ठेवतो, काय टाकतो

चार्ल्स स्पिअरमन हा इंग्रज मानसशास्त्रज्ञ. १९०४ साली त्याने दोन गोष्टींमधला संबंध क्रमांवरून मोजण्याची रीत मांडली. त्याच वर्षीच्या बुद्धिमत्तेवरच्या अभ्यासात त्याने एका खेडेगावच्या शाळेतली मुले घेतली होती. कोणता मुलगा दुसऱ्यापेक्षा किती हुशार, याची मोजपट्टी शिक्षकाजवळ नसते. पहिला कोण, दुसरा कोण, एवढे तो सांगू शकतो. क्रमाची रीत जन्मली ती अशा गरजेतून.

रीत सोपी आहे. दोन्ही स्तंभांतल्या आकड्यांना आपापल्या स्तंभात क्रमांक द्यायचे आणि मूळ आकड्यांऐवजी त्या क्रमांकांचा नेहमीचा सहसंबंध काढायचा. म्हणजे स्पिअरमनचा गुणांक हा क्रमांकांवर चालवलेला पिअरसनचाच गुणांक. पाठ्यपुस्तकातले क्रमांतील फरकांच्या वर्गांचे सूत्र हा त्याचाच जवळचा रस्ता. मॉरिस केंडॉलने १९३८ मध्ये दुसरी वाट काढली. कुठलीही दोन गावे उचला. दोन्ही मोजण्या त्यांतल्या एकाच गावाला वरचढ ठरवत असतील तर ती जोडी जुळती, नाही तर उलटी. एकूण जोड्यांत जुळत्यांचा वाटा वजा उलट्यांचा वाटा, हा केंडॉलचा गुणांक. तो ०.६ आला तर शंभरातल्या ८० जोड्या जुळत्या आणि २० उलट्या. हा अर्थ कुणालाही सांगता येतो. स्पिअरमनच्या ०.६ ला इतका सरळ अर्थ नाही. त्याचा वर्ग करून “मूळ उत्पन्नातले ३६ टक्के चढउतार उलगडले” असे लिहिणे तर चूकच, कारण उलगडले असतील तर ते क्रमांकांमधले.

दोन्ही रीतींत एक गोष्ट हिशेबातून जाते, ती म्हणजे अंतर. पहिल्या आणि दुसऱ्या गावात एका पैशाचा फरक असो की चाळीस पैशांचा, क्रमाच्या वहीत तो एकच. कधी असे टाकून देणे शहाणपणाचे असते. शंभर एकरांचा एखादा जमीनदार दोन-दोन एकरवाल्यांच्या यादीत आला की पिअरसनचा गुणांक एकट्या त्याच्या तालावर नाचतो. क्रमाच्या यादीत तो फक्त ‘पहिला’ असतो. आकड्यांचे लॉगॅरिदम घेतले किंवा क्विंटलचे किलो केले, तरी क्रम ढळत नाही. हे क्रमाचे खरे बळ. पण गिरणेला पूर येऊन ज्या एका गावाचे सगळे गेले, तेही या वहीत फक्त ‘शेवटचे’ असते. टाकले ते नको असलेले होते की तेच मुख्य होते, हे सूत्राला कळत नाही. ते आपण ठरवायचे.

२. पिअरसनवरचा खोटा आरोप

“पिअरसनला प्रसामान्य (‘नॉर्मल’) वितरण लागते” हे वाक्य आधी नीट करून घेऊ. दोन स्तंभांमधला संबंध सरळ रेषेच्या किती जवळ आहे, एवढे सांगण्यासाठी पिअरसनच्या गुणांकाला आकडे घंटेच्या आकाराचे असण्याची गरज नाही. तो एक सारांश आहे. सरासरीसारखाच कुठल्याही आकड्यांचा काढता येतो. घंटेचा मुद्दा पुढे येतो: नमुन्यावरून सबंध समष्टीबद्दल बोलताना, म्हणजे पी-मूल्य किंवा विश्वासमर्यादा काढण्याच्या नेहमीच्या सूत्रांत. तिथेही आकड्यांची पुनःपुन्हा अदलाबदल करून पी-मूल्य काढण्याची रीत पिअरसनसाठीही उपलब्ध आहे.

उलट, क्रम-सहसंबंधाला ‘वितरणमुक्त’ म्हणतात त्याचा अर्थ फार मर्यादित आहे. दोन गोष्टींत काहीच संबंध नसेल आणि जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर क्रमांची प्रत्येक मांडणी सारखीच संभाव्य असते. मग मूळ आकडे कोणत्या आकाराचे होते याला महत्त्व उरत नाही. ‘मुक्त’ हा शब्द एवढ्यापुरता. ‘वितरणमुक्त’चे ‘अटीमुक्त’ कधी झाले ते आपल्याला कळलेच नाही.

३. क्रम जुळला म्हणून आकडे जुळत नाहीत

आता पैसेवारी. गावाचे चालू हंगामातले उत्पन्न त्याच्या प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत रुपयात किती पैसे, ते सांगणारा हा आकडा. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी पीक कापणीनंतरची अंतिम. ५० पैसे ही रेषा. गाव तिच्या खाली गेले की जमीन महसुलातली सूट, कृषिपंपांच्या वीजबिलातली सवलत, मुलांची परीक्षा फी माफी असे विषय निघतात. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ जाहीर करण्याचे निकष बदलले, तरी पैसेवारी जाहीर व्हायची थांबलेली नाही आणि गावकऱ्यांचे कानही तिच्याकडून हटलेले नाहीत.

समजा पाच गावांची नजरअंदाज पैसेवारी ५२, ५४, ५७, ६३ आणि ९० आली. त्याच गावांची कापणीनंतरची आली २१, ३३, ४४, ५८ आणि ७२. दोन्हीकडे गावांचा क्रम अगदी तोच. स्पिअरमनचा गुणांक पूर्ण १, केंडॉलचाही १. पिअरसनचा सुमारे ०.८८. वरचा लोकप्रिय सल्ला मानणारा अभ्यासक लिहील, “नजरअंदाज आणि प्रत्यक्ष कापणी यांत परिपूर्ण सहसंबंध आढळला.” वाक्यात खोटे काही नाही. पण नजरअंदाजाने एकही गाव ५० च्या खाली नाही आणि कापणीने तीन आहेत. तीन गावांचा प्रश्न त्या ‘परिपूर्ण’ शब्दाखाली गाडला गेला.

सहसंबंध आणि मेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नजर सगळीकडे सारखीच उदार असेल, तर तिची चूक क्रमात दिसत नाही, कारण चूक सगळ्यांना घेऊन वर सरकते. हा दोष पिअरसनमध्येही आहे. सरसकट १५ पैसे वाढवले तर तोही १ च देईल. फरक एवढाच की पिअरसन निदान सरळ रेषेवरून ढळलेले पकडतो, स्पिअरमन तेही सोडून देतो.

अशी एकतर्फी चूक काल्पनिक नाही. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी पीक कापणीचे यादृच्छिक नमुन्यांवर आधारलेले शास्त्र भारतीय शेतीत रुजवले. कापणीसाठी शेतात आखलेला तुकडा फार लहान असला तर उत्पन्न वाढीव दिसते, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा वाटा मोठा आणि कडेवरची झाडे आत धरण्याचा मोह मोठा. ही चूक कुठल्याही एका गावाची बाजू घेत नाही, सगळीकडे वरच सरकवते. सगळ्या गावांत सारखेच लहान तुकडे कापले असते तर गावांचा क्रम फारसा बिघडला नसता आणि क्रम-सहसंबंधाने त्या कापणीला छान शेरा दिला असता. चूक सापडली ती मोठ्या तुकड्यांच्या उत्पन्नाशी लहान तुकड्यांचे उत्पन्न ताडून पाहिल्यामुळे.

४. शून्य आले म्हणून संबंध नाही, असे नाही

क्रम-सहसंबंधाची सर्वांत गैरसमजलेली अट एकदिशतेची. पहिली गोष्ट वाढत गेली तर दुसरी सतत वाढत किंवा सतत घटत जाते का, एवढेच तो विचारतो. वाढीचा वेग कमीजास्त असला तरी त्याला चालते. वाढून पुन्हा घटलेले चालत नाही.

कोरडवाहू कापसाचे पावसाशी नाते नेमके असे आहे. पाऊस कमी पडला तर झाड खुरटते. बेताचा पडला तर पीक साधते. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले तर मुळे गुदमरतात, पाते-फुले गळतात, बोंडे सडतात. समजा सात वर्षांचा पाऊस ३००, ४००, ५००, ६००, ७००, ८०० आणि ९०० मिलिमीटर. त्या त्या वर्षी एकरी कापूस २, ५, ७, ८, ६, ४ आणि ३ क्विंटल. क्रम लावा, फरकांचे वर्ग करा, बेरीज ५६ येते. स्पिअरमनचा गुणांक शून्य, अगदी काटेकोर शून्य. केंडॉलच्या हिशेबात १० जोड्या जुळत्या, ११ उलट्या. तोही शून्याला चिकटलेला. यावरून “पावसाचा कापसाशी संबंध नाही” असा निष्कर्ष कुणी भडगावच्या बाजारात वाचून दाखवला, तर लोक त्याला बसायला खुर्ची देतील आणि आधी पाणी पाजतील.

इथे तंटा आहे तो असा: एकदिशता ही गुणांक काढण्याची अट आहे का? माझे उत्तर, नाही. गुणांक कुठल्याही जोड्यांचा निघतो. ती अट आहे त्याच्या वाचनाची. संबंध एकाच दिशेने जातो हे माहीत असेल, तरच ‘शून्य’चा अर्थ ‘संबंध नाही’ असा लावता येतो. बेतापेक्षा जास्त झाले की बिघडते, असे शेतीत ठायी ठायी आहे: खत, पाणी, दोन झाडांमधले अंतर.

हा सगळा क्रमांकांचा दोष आहे, असेही मानू नये. सौरव चॅटर्जी या संख्याशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये क्रमांकांवरच बांधलेला एक नवा गुणांक मांडला. तो दिशा विचारत नाही. पहिली गोष्ट कळली तर दुसरी कितपत सांगता येते, हे विचारतो. वरच्या सात वर्षांना तो ०.३१ देतो, सातच जोड्या असताना तो वाढून वाढून ०.६२५ पर्यंत जाऊ शकतो. आकडे तेच, क्रमांक तेच. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

५. बरोबरीत सुटलेल्यांचे काय?

शाळेच्या निकालात दोन मुलांचा दुसरा नंबर आला की तिसरा कुणाला द्यायचा, यावरून भांडण होते. संख्याशास्त्र ते भांडण सरासरीने मिटवते. व्यापाऱ्याने मुठीत कापूस घेऊन ४० गाड्यांची प्रतवारी केली: २० चांगल्या, १२ मध्यम, ८ हलक्या. पहिल्या वीसही गाड्यांना क्रमांक १०.५, पुढच्या बारांना २६.५, शेवटच्या आठांना ३६.५. आता फरकांच्या वर्गांचे ते जवळचे सूत्र खरे उत्तर देत नाही, कारण ते बरोबरी नसलेल्या क्रमांसाठीच आहे. इथे क्रमांकांवर थेट सहसंबंध काढावा लागतो, किंवा बरोबरीसाठी दुरुस्त केलेले केंडॉलचे रूप घ्यावे लागते. संगणक हे गुपचूप करतो, हाताने आकडेमोड करणारा बहुधा चुकतो.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थाचा आहे. प्रतवारी तीनच प्रतींची आणि कापसातला ओलावा यंत्राने दशांशापर्यंत मोजलेला असेल, तर ओलाव्यावरून प्रत हुकमी ठरत असली तरी स्पिअरमनचा गुणांक १ ला पोहोचत नाही. गुणांक ०.९ वरच अडला म्हणून व्यापाऱ्याची मूठ चुकली म्हणावे, तर मोजपट्टीच तीन खुणांची होती.

६. गावे चाळीस, पाऊस चारच

सर्वांत जड अट मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण क्रम लावणाऱ्यांना तिचा सर्वाधिक विसर पडतो. जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

सरकारी पाऊस महसूल मंडळात मोजला जातो, गावोगाव नाही. समजा ४० गावांचे कापसाचे उत्पन्न आणि पाऊस यांचा संबंध काढायचा आहे आणि ती गावे ४ मंडळांत आहेत. मग ४० ओळींच्या तक्त्यात पावसाचे वेगळे आकडे फक्त ४. संगणक ४० जोड्या मोजतो आणि पी-मूल्य इतके बारीक देतो की अभ्यासक हरखून जातो. खरा हिशेब मंडळांचा करावा लागेल. चार गोष्टींचे क्रम २४ प्रकारे लागतात, म्हणजे चारही मंडळांचा क्रम हुबेहूब जुळला तरी तो निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता २४ त १. चाळीस ओळींनी दिलेली खात्री उसनी होती.

काळाच्या बाबतीतही हेच. दहा वर्षांत तालुक्यातल्या कूपनलिकांची खोली दरवर्षी वाढली आणि मोबाइल फोनही दरवर्षी वाढले, असे समजा. स्पिअरमन १. दहा गोष्टींचे क्रम ३६,२८,८०० प्रकारे लागतात, तेव्हा हे योगायोगाने घडण्याची शक्यता छत्तीस लाखांत एक, असे सूत्र सांगेल. पण प्रत्येक वर्ष मागच्या वर्षाच्या खांद्यावर उभे असताना सगळ्या मांडण्या सारख्या संभाव्य नसतातच. कालमालिकांमधल्या अशा अर्थशून्य सहसंबंधांबद्दल युल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच बजावून ठेवले आहे. क्रम लावून हा रोग बरा होत नाही, फक्त अंगावरची पुरळ झाकली जाते.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. पाटाखालची गावे खतही जास्त घालतात आणि पिकवतातही जास्त. कोरडवाहू गावे दोन्हीत कमी. दोन्ही एका यादीत घातली की खत आणि उत्पन्न यांचा क्रम-सहसंबंध भरघोस दिसेल, जरी पाटाखालच्या गावांत आपापसांत तो जवळपास नसला आणि कोरडवाहूंतही नसला. मोजले गेले ते पाणी. नाव लागले खताचे.

७. तीन आक्षेप

पहिला: “अंतर जिथे मुळात मोजलेच जात नाही, तिथे क्रमाशिवाय पर्याय काय?” मान्य. शिक्षकाने लावलेला हुशारीचा क्रम, ग्राहकाची पसंती, पंचाने दिलेला नंबर, हा क्रमाचा हक्काचा प्रांत. माझी तक्रार तिथे नाही. क्विंटल, मिलिमीटर, पैसे हे आकडे हातात असताना निव्वळ अटींच्या धास्तीने ते टाकून देण्याबद्दल आहे.

दुसरा: “मग काय, पिअरसनच बरा?” नाही. एखाददुसरा अवाढव्य आकडा, वाकडी पण एकदिश वाढ, मोजपट्टीवर अविश्वास, अशा वेळी क्रम सरस ठरतो. दोन्ही गुणांक काढून शेजारी ठेवावेत. दोघांत मोठी तफावत दिसली, तर तीच माहिती आहे: कुठेतरी वाक आहे किंवा कुणीतरी एकटा दूर उभा आहे.

तिसरा, सर्वांत व्यवहारी: “एवढा विचार करायला वेळ कुणाला? विद्यार्थ्याला एक नियम द्या.” नियम हवाच असेल तर असा द्यावा: गुणांक काढण्याआधी कागदावर ठिपके मांडा. वरची सात वर्षे आलेखावर मांडायला दोन मिनिटे लागतात आणि पावसाचा डोंगर आपोआप उभा राहतो. वितरण घंटेसारखे आहे का, हे तपासणाऱ्या चाचण्यांना आपण जेवढा वेळ देतो, त्याच्या निम्म्यात हे होते.

८. निर्णय क्रमावर आहे की रेषेवर?

सुरुवातीला म्हटले की प्रश्न निर्णयावरून ठरतो. ते आता नेमके करता येईल. उन्हाळ्यात टँकर पाचच आहेत आणि सर्वांत तहानलेल्या पाच गावांना द्यायचे आहेत, तर निर्णय क्रमावर आहे. गावाला किती लिटर कमी पडतात, यात सगळीकडे सारखी चूक झाली तरी टँकर योग्य दारी जाईल. अंदाज किती विश्वासाचा, हे तपासायला क्रम-सहसंबंध रास्त आहे. केंडॉलचा तर अधिकच, कारण तो थेट जोडीजोडीची तुलना सांगतो. पण सवलत ५० पैशांच्या रेषेवर मिळणार असेल, तापमान ठरावीक अंशाखाली उतरले तरच केळीचा विमा मिळणार असेल, तर निर्णय रेषेवर आहे. तिथे शेजारच्या गावापेक्षा मी वर की खाली, याला किंमत नाही. रेषेपासून मी किती दूर, याला आहे. आणि क्रम लावताना पहिली फेकली जाते ती नेमकी हीच गोष्ट.

म्हणून ‘आकडे नॉर्मल आहेत का?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला असा असावा: या उत्तरावर कुणाला काय मिळणार आहे, आणि ते रांगेतल्या जागेवर मिळणार आहे की मोजपट्टीवरच्या खुणेवर? पैसेवारीच्या उदाहरणातल्या पाचांपैकी त्या तीन गावांचा क्रम कुणीच चुकवला नव्हता. ती शेवटची तीन होती, शेवटचीच राहिली. चुकले होते ते पैसे, आणि वीजबिलातली सवलत मिळाली असती ती पैशांवर.